सिडला न घेता निघालेली गाडी

२६ जानेवारी १९६८, शुक्रवार. लंडनहून एक गाडी साउदॅम्प्टनकडे निघाली होती. तिथल्या विद्यापीठात पिंक फ्लॉइडचा कार्यक्रम होता. गाडीत बँडमधले चौघं बसले होते आणि पाचव्याला त्याच्या घरून घ्यायचं होतं. कुणीतरी विचारलं, सिडला घ्यायचं ना? दुसरं कुणीतरी म्हणालं, राहू दे. गाडी तशीच पुढे गेली.

त्या गाडीत बसलेल्या डेव्हिड गिल्मरनं हा प्रसंग नंतर अनेकदा सांगितला आहे. त्यात कसलं भांडण नव्हतं, कुणी राजीनामा दिला नव्हता, समोरासमोर बसून कुणी काही ठरवलंही नव्हतं. या बँडचं नावच मुळात सिड बॅरेटनं ठेवलेलं. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल या दोन अमेरिकी ब्लूज गायकांची नावं त्यानं एकत्र जोडली होती. पहिल्या अल्बममधल्या ११ पैकी आठ रचना त्याच्या एकट्याच्या. रंगमंचावर त्याचाच आवाज, त्याचीच गिटार. त्याला त्या संध्याकाळी घरीच राहू दिलं आणि मग परत कधीच घेतलं नाही.

पिंक फ्लॉइडचा दुसरा अल्बम, 'अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स', लावला की मला दर वेळी ही गाडी आठवते. 'द डार्क साइड ऑफ द मून' आणि 'द वॉल' यांच्याबद्दल भरभरून बोलणारे पुष्कळ भेटतात, या अल्बमचं नाव मात्र क्वचितच निघतं. मला तो फार जवळचा आहे. गाणी लिहिणारा माणूस निघून गेल्यावर मागे राहिलेल्यांनी काय केलं, हे त्याच्या ३९ मिनिटांत उघडं ऐकू येतं. एका गाण्यात तो आहे, पुढच्यात नाही, आणखी पुढच्यात त्याच्यासारखं करून बघणारं दुसरंच कुणी आहे.

या गोष्टीची मुळं केंब्रिजमध्ये आहेत. बँडमधले रॉजर वॉटर्स आणि सिड बॅरेट एकाच शाळेतले. सिडचं खरं नाव रॉजर कीथ. तो वॉटर्सपेक्षा सव्वादोन वर्षांनी लहान. पुढे या अल्बमचं कव्हर करणारा स्टॉर्म थॉर्गरसनही त्याच शाळेतला. डेव्हिड गिल्मर दुसऱ्या शाळेत होता, पण सिडशी त्याची गट्टी जमली ती कॉलेजात. दुपारच्या सुट्टीत दोघं गिटार घेऊन बसायचे, रोलिंग स्टोन्सच्या गाण्यांतले तुकडे एकमेकांना बसवून दाखवायचे. १९६५च्या उन्हाळ्यात दोघं फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर रस्त्यात उभं राहून गात हिंडले. ज्याची जागा घ्यायची तो आपला जुना मित्रच असावा, हे ओझं गिल्मरच्या वाट्याला आलं.

वॉटर्स लंडनला आला तो वास्तुशास्त्र शिकायला. रीजंट स्ट्रीटच्या पॉलिटेक्निकमध्ये त्याला ड्रमर निक मेसन आणि कीबोर्डवाला रिक राइट भेटले. तिघेही इमारतींचे नकाशे काढायला बसलेले विद्यार्थी. सिड कँबरवेलला चित्रकला शिकायला आला आणि त्यांच्यात सामील झाला. एक चित्रकार आणि तीन होऊ घातलेले वास्तुविशारद. ही विभागणी ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे तीच कामी आली.

१९६६ सरताना टॉटनहम कोर्ट रोडवरच्या एका तळघरात 'यूएफओ' नावाचा क्लब सुरू झाला आणि पिंक फ्लॉइड तिथला घरचा बँड झाला. भिंतींवर वितळणाऱ्या रंगांचे प्रकाशझोत, त्यात मधोमध सिड. त्याच्या गिटारवर गोल आरशाच्या टिकल्या चिकटवलेल्या होत्या, त्यांवरून उजेड सगळ्या खोलीत उडायचा. तारांवरून तो सिगारेटचा लायटर फिरवायचा आणि तो आवाज प्रतिध्वनीच्या यंत्रातून लांबवत न्यायचा. हाच माणूस दुसऱ्या दिवशी तीन मिनिटांचं टुमदार गाणं लिहायचा. 'आर्नल्ड लेन' मार्च १९६७ मध्ये आलं आणि ब्रिटनमधल्या विक्रीच्या यादीत विसाव्या क्रमांकापर्यंत चढलं. जूनमध्ये आलेलं 'सी एमिली प्ले' सहाव्या क्रमांकावर पोचलं.

त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगला गिल्मर सहज म्हणून डोकावला होता. फ्रान्समध्ये आपला बँड घेऊन वाजवत होता तो, काही दिवस लंडनला आला होता. सिडनं त्याच्याकडे बघितलं, पण ओळखलं नाही. डोळे समोर होते, नजर भलतीकडेच होती. हे मे महिन्यात. म्हणजे बाहेरच्या जगाला सिड बॅरेट हा उगवता तारा वाटत होता, त्याच वेळी जुन्या मित्राला काहीतरी बिनसलेलं दिसत होतं.

एलएसडीनं सिडचं मन मोडलं, की आधीपासूनच कुठे तडा होता आणि एलएसडीनं तो रुंदावला, यावर त्याच्या जवळच्यांचंही एकमत नाही. मी त्यात पडत नाही. जे सगळ्यांनी पाहिलं ते इतकंच, की वर्ष सरत गेलं तसा तो गप्प होत गेला. कार्यक्रमात तासभर एकच स्वर वाजवत राहायचा, नाहीतर गिटार गळ्यात अडकवून हात लोंबते सोडून उभा राहायचा. नोव्हेंबरात बँड अमेरिकेला गेला. टीव्हीवर ध्वनिमुद्रित गाण्याबरोबर नुसते ओठ हलवायचे होते, तेही त्याला नको होतं. पॅट बूनच्या कार्यक्रमात प्रश्न विचारल्यावर तो नुसता बघत राहिला. दौरा अर्ध्यात आटोपून मंडळी परतली आणि लगेच जिमी हेंड्रिक्सबरोबरच्या ब्रिटनच्या दौऱ्याला जुंपली गेली. तिथे काही दिवस सिडच्या जागी 'द नाइस' या दुसऱ्याच बँडचा गिटारवादक डेव्ही ओलिस्ट उभा राहिला. त्याच महिन्यात आलेलं 'ॲपल्स अँड ऑरेंजेस' हे सिडचं गाणं यादीत कुठेच लागलं नाही.

दुसऱ्या अल्बमचं काम तोवर सुरू झालेलंच होतं. पहिला अल्बम, 'द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन', ५ ऑगस्ट १९६७ रोजी आला आणि दोन-तीन दिवसांतच ॲबी रोडच्या स्टुडिओत पुढचं रेकॉर्डिंग लागलं. एकीकडे माणूस हातातून निसटतोय आणि दुसरीकडे कंपनीला नवं गाणं हवंय, अशा ओढाताणीत ते शरद ऋतूचे महिने गेले. सिडनं तेव्हा तीन गाणी दिली. त्यातल्या 'व्हेजिटेबल मॅन' आणि 'स्क्रीम दाय लास्ट स्क्रीम' या दोन गाण्यांत त्याची अवस्था इतकी उघडी पडली होती की ती बाहेर काढायला कुणी धजावलं नाही. ती अधिकृतपणे प्रसिद्ध झाली २०१६ साली, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनी.

आणखी एक गिटारवादक घ्यायचा, हे डिसेंबरात ठरलं. जेफ बेकचं नाव निघालं होतं, पण त्याला विचारायची कुणाचीच हिंमत झाली नाही, असं मेसननं लिहून ठेवलं आहे. मग गिल्मरला विचारलं. तोवर फ्रान्समधला खेळ आटोपून, खिसा रिकामा करून तो लंडनला आलेला. कल्पना अशी होती की रंगमंचावर गिल्मर वाजवेल, आणि बीच बॉइजमध्ये ब्रायन विल्सन घरी बसून गाणी लिहायचा तसं सिड इथे लिहील. कागदावर ही तोड चांगली होती. जानेवारी १९६८ मध्ये पाचजणांचा पिंक फ्लॉइड मोजक्याच ठिकाणी वाजला, बर्मिंगहॅम, वेस्टन, लुइस, हेस्टिंग्ज अशा. सिड कधी वाजवायचा, कधी मंचावर नुसता फिरायचा.

त्याच दिवसांतल्या एका तालमीची हकिकत वॉटर्स सांगतो. सिड नवं गाणं घेऊन आला. त्यानं वाजवून दाखवलं, इतरांनी उचलायचा प्रयत्न केला. पुढच्या खेपेला त्यानं चाल बदलली होती. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा. दर वेळी धृपदात तो विचारायचा, जमलं का तुम्हाला? आणि यांनी म्हणायचं, नाही. तासाभरानं वॉटर्सच्या ध्यानात आलं की हे गाणं कुणाला जमावं म्हणून नाहीच. त्यानं आपली बास गिटार खाली ठेवली. पुढे तो याला सिडच्या बुद्धीची करामत म्हणायचा, पण त्या खोलीत तेव्हा हसू आलं असेल असं मला वाटत नाही. आपल्यापर्यंत यांच्यातलं कुणी पोचत नाही, हे सिड आपल्या पद्धतीनं सांगत होता, असं मला ते वाचताना वाटतं.

मग ती साउदॅम्प्टनची संध्याकाळ.

त्यानंतरही आठवडे विचित्र गेले. फेब्रुवारीत बेल्जियमच्या टीव्हीसाठी चित्रीकरण झालं. तिथे जुनी गाणी सिडच्या आवाजात वाजत होती आणि कॅमेऱ्यापुढे ओठ हलवत होता वॉटर्स. मॅनेजर पीटर जेनर आणि अँड्र्यू किंग यांनी तर सरळ निवड केली. त्यांच्या लेखी बँड म्हणजे सिड. बाकीच्यांचं त्याच्यावाचून काही खरं नाही. मार्चमध्ये भागीदारी मोडली आणि ते दोघं सिडच्या बाजूला गेले. त्या क्षणी ते चुकले असं कुणालाच वाटलं नसतं. ६ एप्रिलला सिड बॅरेट आता बँडमध्ये नाही, असं अधिकृतपणे जाहीर झालं.

राहिलेले चौघे स्टुडिओत परतले तेव्हा हाताशी अर्धामुर्धा माल होता. 'सेट द कंट्रोल्स फॉर द हार्ट ऑफ द सन' हे वॉटर्सचं गाणं ऑगस्टमध्येच सुरू झालेलं. त्यात सिडची गिटार आहे आणि नंतर घातलेली गिल्मरचीही. पाचही जण ज्यात सापडतात असं पिंक फ्लॉइडचं हे एकमेव गाणं. वॉटर्सनं शब्दांसाठी तांग काळातल्या चिनी कवितांच्या इंग्रजी भाषांतरांतून ओळी उचलल्या. मेसननं काठ्यांऐवजी मऊ गोंड्यांच्या दांड्या घेतल्या. ही युक्ती त्याला जॅझमधल्या चिको हॅमिल्टनकडून सुचली. बासचा एकच फेरा चालू राहतो, आवाज कुजबुजीच्या वर चढत नाही. एका स्वराला धरून त्याच्याभोवती हळूहळू फिरत राहणं आपल्या कानांना परकं नाही. म्हणूनही असेल, पण हे गाणं मला पहिल्याच ऐकण्यात आपलं वाटलं. २००७ च्या फेब्रुवारीत वॉटर्सनं मुंबईत कार्यक्रम केला, तेव्हाही चाळीस वर्षांपूर्वीचं हे गाणं त्याच्या त्या दौऱ्यात होतं.

राइटचं 'रिमेंबर अ डे' हेही आधीचंच. त्यातली तारांवरून घसरत जाणारी गिटार सिडची. ड्रम्स मात्र मेसनचे नाहीत. त्याला त्या तालाची लय सापडेना, म्हणून निर्माता नॉर्मन स्मिथ स्वतः बसला. स्मिथ म्हणजे 'रबर सोल'पर्यंत बीटल्सचं रेकॉर्डिंग करणारा माणूस, घोटून तयार झालेला. वॉटर्सच्या 'कॉर्पोरल क्लेग' मध्ये युद्धात पाय गमावलेला एक सैनिक येतो. गाण्याचा बाज गमतीचा आहे, कझूची पिपाणी वाजते. पण वॉटर्सचे वडील फेब्रुवारी १९४४ मध्ये इटलीत अँझिओला मारले गेले तेव्हा तो पाच महिन्यांचा होता. पुढे 'द वॉल' आणि 'द फायनल कट' यांत जे दुःख मोठ्यानं बोललं, त्याचा पहिला हुंकार इथे आहे. राइटच्या 'सी-सॉ' बद्दल फार सांगण्यासारखं नाही. 'लेट देअर बी मोअर लाइट' ची सुरुवातीची बासची दौड आणि शेवटी गिल्मरची गिटार, यांसाठी ते जरूर ऐकावं.

पण अल्बम उभा आहे तो त्याच्या नावाच्याच, जवळजवळ बारा मिनिटांच्या रचनेवर. शब्द नाहीत. गाणं लिहिणारा गेलेला, म्हणून गाणंच बाजूला ठेवलं. वॉटर्स आणि मेसन कागद घेऊन बसले आणि त्यांनी ती रचना रेखाटली. कुठे चढ, कुठे उतार, कुठे दाटी, कुठे मोकळीक, असा आलेखच. त्यांना सूर लिहिता येत नव्हते, पण नकाशा काढता येत होता. इतके दिवस उपयोगी न पडलेलं वास्तुशास्त्राचं शिक्षण त्या दिवशी कामाला आलं. गिल्मर नवखा होता. हे दोघं कागदावर टेकड्या-दऱ्या काढताहेत आणि त्यालाच संगीत म्हणताहेत, हे पाहून तो चक्रावला होता.

हेडफोन लावून ती बारा मिनिटं एकदा नीट ऐकावी. सुरुवातीला काय वाजतंय तेच कळत नाही. झांज हलकेच हलवलेली आहे आणि माइक तिच्या अगदी कडेला नेलेला आहे, त्यामुळे धातूचा ठणका न येता नुसती घुमघुम येते. लांबून, जमिनीखालून आल्यासारखी. मग ऑर्गन येतो, काहीतरी जमत चाललंय असं वाटतं. अचानक ड्रम्स सुरू होतात, तोच तुकडा पुन्हा पुन्हा. टेपचं वेटोळं करून तो फिरवत ठेवला आहे, म्हणून त्यात माणसाच्या हाताचा थकवा येत नाही. वर पियानोवर मुठी आदळतात. गिटार किंचाळते, पण ती बोटांची नाही. गिल्मरनं गिटार जमिनीवर आडवी ठेवली होती आणि माइकच्या स्टँडचा एक सुटा पाय तो तारांवरून पुढे-मागे सरकवत होता. सिडच्या लायटरची ही पुढची पिढी म्हणा हवं तर. हा गदारोळ ओसरतो तेव्हा मागे एकटा ऑर्गन उरतो, चर्चमध्ये वाजावा तसा. त्यावर हळूहळू माणसांचे आवाज चढत जातात, शब्दांवाचून. युद्ध, आणि युद्धानंतर मेलेल्यांसाठी केलेली प्रार्थना, असा काहीसा आराखडा त्यांच्या मनात होता. शेवटची ती तीन-चार मिनिटं मला मात्र कुणा एकासाठी केलेल्या प्रार्थनेसारखी वाटतात, त्यांनी तसं कधी म्हटलं नसलं तरी.

नॉर्मन स्मिथला हे अजिबात रुचलं नाही. ही हौस एकदाची भागली की पोरं शहाण्यासारखी तीन मिनिटांच्या गाण्यांकडे वळतील, अशी त्याची समजूत होती. पोरं वळली नाहीत. पुढची वीसेक मिनिटांची 'एकोज' असो की सलग ऐकायचा 'डार्क साइड', सगळ्याचा पाया त्या चढउताराच्या कागदावर आहे.

आणि मग अल्बमच्या शेवटी सिड येतो. 'जगबँड ब्लूज' हे त्याचं एकच गाणं त्यांनी ठेवलं, तेही अगदी अखेरीला. ऑक्टोबर १९६७ मध्ये ते रेकॉर्ड झालं होतं. त्यासाठी सिडनं साल्व्हेशन आर्मीचा पितळी वाद्यांचा ताफा मागवला आणि त्यांना सांगितलं, काय हवं ते वाजवा. चर्चच्या शिस्तीत वाढलेली ती माणसं गोंधळली. स्मिथनं त्यांना लिहून दिलेलं वाजवायला सांगितलं. गाण्यात दोन्ही गोष्टी ऐकू येतात, मधेच वाट चुकलेला ताफा, मग सगळं विझणं, आणि शेवटी एकट्या गिटारवर सिडचा साधा, स्वच्छ आवाज. आपण इथे आहोत का, आणि इथे नसलो तर हे गाणं लिहितंय कोण, असा या गाण्याचा भाव आहे. हरवत चाललेल्या माणसाला आपण हरवत चाललोय हे इतकं लख्ख दिसत होतं. ज्यांनी त्याला गाडीत घेतलं नाही त्यांनीच निरोपाचा शब्द त्याच्यासाठी राखून ठेवला, हे मला त्यांच्या बाजूनं फार मोठं वाटतं.

कव्हर थॉर्गरसन आणि त्याचा जोडीदार ऑब्री पॉवेल यांनी केलं. हिप्नोसिस या त्यांच्या जोडीचं पिंक फ्लॉइडसाठी हे पहिलं काम. ईएमआय कंपनीनं बाहेरच्या चित्रकारांना कव्हर करू द्यायची बीटल्सनंतरची ही दुसरीच वेळ. त्यात डॉक्टर स्ट्रेंज या मार्व्हलच्या कॉमिकमधली चित्रं, ग्रह, राशिचक्र एकात एक मिसळलेले आहेत, आणि एका लहानशा वर्तुळात बँड, नीट शोधल्याशिवाय न दिसणारा.

अल्बम जून १९६८ च्या अखेरीस आला. २९ जूनला लंडनच्या हाइड पार्कमध्ये पहिली मोफत मैफल झाली. जेथ्रो टल, रॉय हार्पर, टिरॅनोसॉरस रेक्स आणि पिंक फ्लॉइड. मैफल भरवली होती जेनर आणि किंग यांनीच. चार महिन्यांपूर्वी ज्यांना या चौघांत दम दिसला नव्हता, त्यांनी. रेडिओवरचा जॉन पील त्या दिवशी सर्पेंटाइन तळ्यात होडी घेऊन बसला होता आणि पाण्यावरून येणारं ते संगीत तो आयुष्यभर विसरला नाही. अल्बम ब्रिटनमध्ये नवव्या क्रमांकापर्यंत गेला. अमेरिकेत त्या वेळी तो यादीतही आला नाही.

सिडला त्यांनी पुरतं सोडलं असंही नाही. १९७० मध्ये त्याचे दोन एकट्याचे अल्बम आले. पहिल्याच्या अखेरच्या टप्प्यात गिल्मर आणि वॉटर्सनं हात लावला, दुसरा गिल्मर आणि राइटनं मिळून उभा केला. नंतर सिड केंब्रिजला आईच्या घरी परतला, चित्रं काढत, बाग बघत राहिला. जून १९७५ मध्ये ॲबी रोडला त्याच्यावरच लिहिलेल्या 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' चं काम चालू असताना एक जाड, टक्कल केलेला, भुवयाही काढलेला माणूस स्टुडिओत येऊन उभा राहिला. बराच वेळ कुणाला ओळखू आलं नाही. आठ वर्षांपूर्वी त्यानं गिल्मरला ओळखलं नव्हतं. आता त्याला ओळखायची पाळी यांच्यावर होती. कळलं तेव्हा वॉटर्सला रडू आलं. ७ जुलै २००६ रोजी सिड गेला, साठ वर्षांचा होऊन.

निक मेसननं २०१८ मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, एक नवा बँड काढला आणि त्याला या दुसऱ्या अल्बमचंच नाव दिलं. पिंक फ्लॉइडच्या अल्बमांत हाच आपला सर्वांत आवडता, असं तो सांगत आला आहे. या बँडनं 'डार्क साइड' मधलं काही घेतलं नाही. सिडच्या काळातलं आणि 'डार्क साइड'च्या आधीचं तेवढंच. एप्रिल २०१९ मध्ये न्यूयॉर्कला एका रात्री वॉटर्स मंचावर आला आणि 'सेट द कंट्रोल्स' गाऊन गेला. आणि त्यांच्या कार्यक्रमात आणखी एक गाणं असायचं, 'व्हेजिटेबल मॅन'. १९६७ मध्ये ज्यांनी ते कपाटात ठेवलं, त्यांच्यातलाच एकजण पन्नास वर्षांनी भरल्या सभागृहात ड्रम्सवर बसून ते पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत वाजवत होता.